बोर्ड पुसायला थिनर नको

आपल्या वस्तीतली दहावी-बारावी झालेली कितीतरी मुले आज मोबाइल दुरुस्तीच्या कामात आहेत. कोणी दादर स्टेशनबाहेरच्या काउंटरवर बसतो. कोणी लालबाग-परळच्या एखाद्या गाळ्यात उस्तादाच्या हाताखाली शिकतो. कोणी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरीच चार्जर, एलईडी बल्ब आणि १४ एप्रिलच्या रोषणाईच्या माळा दुरुस्त करतो. काही घरांत आई आणि मुलीही नगावर हे काम करतात. हे हुन्नराचे काम आहे, त्यात डोके लागते आणि दोन पैसे मिळतात. हे काम सोडा असे आम्ही सांगणार नाही. त्यातल्या एका लहान गोष्टीबद्दल मात्र आम्हाला बोलायचे आहे. सोल्डरिंग झाल्यावर बोर्डावर जो चिकट फ्लक्स उरतो, तो कशाने आणि कसा पुसायचा?

आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आरोग्य शिबिरात एखादा तरुण खोकल्याची तक्रार घेऊन आला की आम्ही त्याला विडी-सिगारेटच्या आधी काम काय करतोस ते विचारतो. 'मोबाइल रिपेअरिंग' असे उत्तर आले की पुढचा प्रश्न असतो, "बोर्ड कशाने पुसतोस?" आणि बहुतेक वेळा उत्तर येते, "थिनरने."

आमचे म्हणणे सरळ आहे. बोर्डावरचे नाजूक भाग सांभाळण्याची जी योग्य रीत आहे, तीच बहुतेक वेळा पुसणाऱ्या माणसालाही सांभाळते. थिनर दोघांचेही नुकसान करतो. म्हणून बोर्ड पुसायला थिनर वापरणे बंद झाले पाहिजे, आणि त्याऐवजी जे लागते त्याचा खर्च कामावर ठेवणाऱ्याने केला पाहिजे.

फ्लक्स कशासाठी असतो

डाख धरायला धातू स्वच्छ लागतो. तांब्याला हवा लागून त्यावर पातळ थर चढतो, त्या थरावर सोल्डर धरत नाही, गोळी होऊन घरंगळते. फ्लक्स तापला की हा थर काढून टाकतो आणि सोल्डर पसरून पकड घेते. फ्लक्सचा जुना आणि आजही सर्रास चालणारा प्रकार म्हणजे राळ. ती पाइनच्या झाडाच्या चिकापासून मिळते. बाजारात फ्लक्स डबीत, बाटलीत किंवा सिरिंजमध्ये मिळतो, आणि सोल्डरच्या तारेच्या पोटातही असतो.

उरलेला फ्लक्स पुसायचा की नाही, हे तो कोणता आहे यावर ठरते. 'नो-क्लीन' म्हणून विकला जाणारा फ्लक्स पूर्ण तापला असेल तर त्याचा उरलेला थर तसाच राहिला तरी सहसा चालते. पाण्यात विरघळणारा फ्लक्स मात्र तिखट असतो, तो त्याच दिवशी धुवावा लागतो. राळेचा फ्लक्स कडक वाळला तर फारसे बिघडत नाही. पण तो अर्धवट तापून आयसीखाली ओला राहिला, तर त्यावर धूळ बसते, पावसाळ्यात तो दमटपणा धरतो आणि तांब्यावर हिरवी कीट चढते. दुरुस्त केलेला फोन जुलै-ऑगस्टात पंधरा दिवसांत पुन्हा बंद पडतो, त्यामागे असा ओला फ्लक्सही असू शकतो. नळजोडणीला वापरतात तो आम्लाचा फ्लक्स तर बोर्डाला कधीच लावू नये. तो पुसूनही पुरता निघत नाही आणि तांबे खात राहतो.

म्हणून पहिला धडा पुसण्याचा नसून लावण्याचा आहे. फ्लक्स लागेल तेवढाच लावा. बोटभर पिळून काढला तर धूर जास्त होतो, पुसायला जास्त लागते आणि त्यासाठी द्रवही जास्त लागतो.

थिनर का नको

थिनर हे एका द्रवाचे नाव नाही. रंग पातळ करण्यासाठी बनवलेले ते मिश्रण आहे. त्यात टोल्युइन, झायलिन, अ‍ॅसिटोन यांपैकी काहीही, वेगवेगळ्या प्रमाणात असते. सुट्या बाटलीवर लेबल नसते. आज आणलेल्या बाटलीत नेमके काय आहे हे ना विकणाऱ्याला ठाऊक, ना वापरणाऱ्याला.

थिनरने फ्लक्स निघतो, यात शंका नाही. पण त्याबरोबर कनेक्टरचे प्लास्टिक मऊ पडते किंवा त्याला बारीक तडे जातात. पार्टवर छापलेले नंबर पुसले जातात. कंपनीने बोर्डावर दिलेला संरक्षक लेप विरघळतो. डिस्प्लेत शिरला तर तो डिस्प्ले गेला. नेलपॉलिश काढायचे रिमूव्हर बहुधा अ‍ॅसिटोनचेच असते, त्याचाही परिणाम असाच. पेट्रोलमध्ये बेन्झिन असते आणि बेन्झिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. घासलेट पुसल्यावर तेलकट थर मागे राहतो. करोनाच्या काळापासून घरोघर उरलेले हात धुण्याचे सॅनिटायझरही बोर्डाला चालत नाही, कारण त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते.

आता माणसाचे पाहू. थिनरची वाफ नाकावाटे रक्तात जाते आणि रक्तातून मेंदूपर्यंत पोचते. संध्याकाळी डोके जड होणे, चक्कर, मळमळ, चिडचिड ही त्याची रोजची लक्षणे. मुले म्हणतात, "दिवसभर मान खाली घालून बसतो ना, म्हणून डोके दुखते." मान दुखते हे खरेच. पण रविवारी तेवढाच वेळ मोबाइलवर खेळूनही डोके जड होत नसेल, तर कारण दुसरे आहे. वर्षानुवर्षे टोल्युइन ओढणाऱ्याची स्मरणशक्ती आणि श्रवणशक्ती उतरते. गरोदर बाईने तर या वाफेजवळ बसूच नये.

थिनरच्या जागी वापरायचे ते आयसोप्रोपिल अल्कोहोल. बाजारात त्याला सगळे 'आयपीए' म्हणतात. इंजेक्शन देण्याआधी दवाखान्यात कातडी पुसतात ती अल्कोहोलची पट्टी बहुधा याचीच असते. दवाखान्यातले ७० टक्के असते, बाकीचे पाणी. बोर्डासाठी ९९ टक्क्यांचे घ्यावे, म्हणजे पाणी मागे राहत नाही. बोर्डावरचे बहुतेक प्लास्टिक, छपाई आणि आयसी यांना ते बाधत नाही. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सोल्डर आणि फ्लक्स जिथे मिळतो तिथे तेही मिळते. विकत घेताना लेबल वाचा. बाटलीवर मिथेनॉल लिहिले असेल, किंवा काहीच लिहिले नसेल, तर ती घेऊ नका. मिथेनॉल काय करते हे मुंबईला सांगायला नको. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, ती या मिथेनॉलनेच. ते श्वासावाटे आणि कातडीतूनही अंगात जाते.

आयपीए म्हणजे पाणी नव्हे

थिनरपेक्षा बरे म्हणून आयपीए कसेही वापरावे असे नाही. एक हिशोब करून पाहा. बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. उंची दहा फूट धरली तर आत सुमारे ४५ घनमीटर हवा मावते. दारे-खिडक्या बंद असताना त्या खोलीत १०० मिलिलिटर आयपीए सांडले आणि उडून गेले, तर हवेच्या दहा लाख भागांत त्याचे ७०० च्या आसपास भाग होतात. अमेरिकेच्या कायद्यात कारखान्यातल्या आठ तासांच्या पाळीसाठी ४०० ची मर्यादा आहे. १०० मिलिलिटर म्हणजे जेमतेम दीड कटिंग चहा. आणि कारखान्यात तान्ही मुले झोपलेली नसतात.

दुसरा धोका आगीचा. आयपीएची वाफ १२ अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते. मुंबईत तेवढी थंडी क्वचितच पडते, म्हणजे हे द्रव बाराही महिने पेटायला तयार. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती खाली उतरते आणि जमिनीवरून पसरते. खाली ठेवलेली शेगडी, वंदनेची मेणबत्ती, अगरबत्ती, तापलेली इस्त्री यांपैकी कशानेही ती पेटू शकते. ज्या खोलीत स्वयंपाक चालू आहे त्या खोलीत बोर्ड पुसायला बसू नये, ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाने पाठ करावी.

पुसण्याची रीत

ही रीत आम्ही कारागिरांकडून समजून घेतली आणि आमच्या नर्सिंगच्या सवयीशी ताडून पाहिली. जखम साफ करणे आणि बोर्ड साफ करणे यात एक साम्य आहे. घाण पसरवायची नसते, उचलून बाहेर काढायची असते.

आधी वीज बंद करा, बॅटरीची जोडणी काढा. टीव्ही किंवा चार्जरचा बोर्ड असेल तर प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब उरलेला असू शकतो. तो कसा उतरवायचा हे शिकल्याशिवाय त्या बोर्डाला हात लावू नका. बोर्ड पूर्ण थंड होऊ द्या. गरम बोर्डावर द्रव टाकले की वाफेचा लोट थेट तोंडावर येतो.

जिथे द्रव जाऊ नये त्या जागा झाका. माइक, स्पीकर, कॅमेरा, डिस्प्ले, बटणे, उघडे रिले, स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे लहान प्रीसेट या सगळ्यांत द्रवाबरोबर विरघळलेला फ्लक्स आत शिरतो आणि तिथेच सुकतो. काढता येणारे भाग काढून ठेवा. जे निघत नाहीत त्यांवर उष्णता सोसणारी पिवळी चिकटपट्टी लावा.

आयपीए मोठ्या बाटलीतून ओतू नका. दाबल्यावर थेंब वर येणारी लहान बाटली मिळते, ती वापरा. बोर्डाच्या डागावर दोन-चार थेंब टाका आणि अर्धा मिनिट थांबा. घाई इथेच होते. फ्लक्सला मऊ व्हायला वेळ दिला तर घासावे लागत नाही, आणि घासण्याच्या जोरानेच बारीक पार्ट निखळतात. मग आखूड केसांच्या मऊ ब्रशने एकाच दिशेने हलकेच फिरवा. नायलॉनच्या जुन्या टूथब्रशने घासताना स्थिर वीज तयार होते, तिने आयसी जाऊ शकते. त्यासाठी वेगळा अँटिस्टॅटिक ब्रश मिळतो.

आता सगळ्यांत महत्त्वाची पायरी, जी बहुतेक जण गाळतात. अल्कोहोल उडून जाते, फ्लक्स उडून जात नाही. नुसते घासून सोडले तर तो सगळ्या बोर्डावर पातळ पसरतो आणि वाळल्यावर पांढुरका थर दिसतो. म्हणून द्रव ओले असतानाच बोर्डावर धागे न सुटणारे कापड किंवा टिश्यू ठेवा आणि वरून ब्रश दाबा. विरघळलेला फ्लक्स कापडात येतो. मग नवे थेंब, नवे कापड, आणि पुन्हा एकदा. दोन वेळा नीट केले की तिसऱ्यांदा लागत नाही.

बोर्ड आपोआप सुकू द्या. ओल्या बोर्डावर हीट गन मारणे म्हणजे आगीला बोलावणे. पूर्ण सुकल्याशिवाय बॅटरी जोडू नका. काही दुकानांत अल्ट्रासोनिक यंत्र असते. त्यात पाण्यात मिसळायचे ठरलेले द्रावणच वापरा, आयपीए किंवा थिनर भरू नका. त्या यंत्राच्या थरथरीने क्रिस्टल आणि माइक बिघडू शकतात, हेही लक्षात ठेवा.

धूर आणि शिसे

पुसण्याचा विचार करताना तापवण्याचा विचार सोडता येत नाही. सोल्डरिंग करताना जो धूर नाकाशी येतो तो शिशाचा, असे पुष्कळांना वाटते. तो मुख्यतः तापलेल्या राळेचा असतो. या धुराने दमा होतो. ब्रिटनमध्ये कामामुळे होणाऱ्या दम्याच्या मोठ्या कारणांत राळेच्या धुराची गणना होते. एकदा शरीराने राळेशी वैर धरले की पुढे थोड्याशा धुरानेही छाती आवळते, आणि काम तसेच चालू ठेवले तर दमा जन्माची सोबत करतो. बोर्डावर जुना जळका फ्लक्स असेल तर तो आधी पुसून, सुकवून मगच सोल्डरिंग करा. म्हणजे तोच फ्लक्स पुन्हा जळून धूर होत नाही.

गिरणगावाला छातीचा रोग नवा नाही. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस आपल्या आजोबांच्या पिढीने सोसला. सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्याच दिवशी छाती जखडायची, आणि घरात म्हणायचे, गिरणीतला खोकला आहे, चालायचेच. राळेच्या दम्याची खूण अशी की कामाच्या दिवशी संध्याकाळी-रात्री खोकला, शिंका, धाप वाढते आणि सुट्टीत किंवा गावी गेल्यावर बरे वाटते. ही खूण आईला आणि बायकोला आधी कळते. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर टीबीची तपासणी करायलाच हवी. पण टीबी नाही असे निघाले की प्रश्न संपला असे समजू नका. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत छातीच्या बाह्यरुग्ण विभागात जा आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा, "मी सोल्डरिंग करतो, राळेचा धूर लागतो." पीक फ्लो मीटर नावाच्या लहानशा नळीत फुंकून कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांची नोंद ठेवली, तर दमा कामामुळे आहे का हे कळायला मदत होते.

शिसे वेगळ्या वाटेने येते. कथील आणि शिसे यांचे ६३ ला ३७ प्रमाणातले सोल्डर १८३ अंशांना वितळते. एवढ्या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. शिसे हाताला लागते आणि हातावरून तोंडात जाते. सोल्डरची तार दातात धरणे, कामाच्या टेबलावर वडापाव खाणे, बोर्डावर फुंकर मारून उडालेला कण घरात राहणे, पुसलेली चिंधी मुलांच्या हाती लागणे, या सगळ्या त्याच्या वाटा. लहान मूल पोटात गेलेल्या शिशातले मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसे शोषून घेते. रक्तातल्या शिशाचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिशाने मुलाची बुद्धी आणि अभ्यासातले लक्ष कमी होते. शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणाऱ्या आपल्या घरांना याहून मोठे नुकसान कोणते?

म्हणून काम संपले की साबणाने हात धुवा. हात थिनरने किंवा आयपीएने धुऊ नका, त्याने कातडी फुटते. पुसण्याच्या कामाला नायट्राइलचे हातमोजे घाला. कामाचा शर्ट वेगळा ठेवा. चिंध्या झाकणाच्या डब्यात टाका. तोंडाला रुमाल बांधला किंवा साधा मास्क लावला तर वाफ अडत नाही. खरा उपाय हवेचा आहे. पंखा असा ठेवा की धूर आणि वाफ तुमच्या तोंडापासून दूर, खिडकीकडे ओढली जाईल. पाठीमागून पंखा लावून धूर शेजारच्या कारागिराकडे ढकलणे हा उपाय नव्हे.

आणि कोणतेही द्रव पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नका. मुलाने चुकून प्यायले तर उलटी करवू नका, बाटली बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठा. डोळ्यात उडाले तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा आणि मग डॉक्टरकडे जा. भाजले तर वीस मिनिटे साधे थंड पाणी. टूथपेस्ट नको, शाई नको.

"आम्हाला तर काही होत नाही"

हे उत्तर आम्हाला नेहमी मिळते. वीस वर्षे थिनर वापरणारे उस्ताद ठणठणीत बसलेले दिसतात, हे खोटे नाही. पण जे आजारी पडले ते धंदा सोडून गेले, ते काउंटरवर दिसणार कसे? उस्तादाच्या डोक्यावर बाजारातले मोकळे आकाश होते. त्याचा शागीर्द पोटमाळ्यावर, बंद एसी गाळ्यात किंवा घरात बसतो. द्रव तेच असले तरी हवा तीच नाही.

दुसरे उत्तर असते, "थिनर लवकर सुकतो." लवकर सुकणे हा गुण मानला की काय होते याचे उदाहरण चीनमधले आहे. २००९ साली सुझोऊ शहरात मोबाइलचे स्क्रीन बनवणाऱ्या एका कारखान्यात पुसायला अल्कोहोल वापरत. ते सुकायला वेळ लागतो म्हणून त्याच्या जागी हेक्झेन आणले गेले. हातापायांना मुंग्या, मग बधिरपणा, मग चालता येईना, असे कामगारांचे झाले. हे स्क्रीन ॲपलसाठी होते. १३७ कामगार बाधित झाल्याचे २०११ साली ॲपलनेच आपल्या अहवालात मान्य केले. दक्षिण कोरियात २०१५-१६ मध्ये मोबाइलचे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांत स्वस्त पडते म्हणून इथेनॉलऐवजी मिथेनॉल वापरले. विशी-तिशीतल्या कामगारांची दृष्टी गेली. दोन्हीकडे यंत्रे आणि भाग शाबूत राहिले, माणसे निकामी झाली.

तिसरे उत्तर, "सगळीकडे असेच चालते, बदलणार कसे?" बदलते. मोठे कारखाने एकेकाळी फ्लक्स धुवायला सीएफसी-११३ नावाचे द्रव वापरत. त्याने आकाशातला ओझोनचा थर विरळ होतो हे कळल्यावर १९८७ साली माँट्रियल करार झाला, आणि पुढच्या काही वर्षांत मोठ्या उद्योगाने ते द्रव सोडले. पुसावाच लागू नये असे नो-क्लीन फ्लक्स त्यानंतरच सर्वत्र पसरले. आकाशातल्या थरासाठी जगाने पुसण्याची रीत बदलली. आपल्या मुलाच्या छातीसाठी गाळ्यातल्या एका बाटलीतले द्रव बदलायला काय हरकत आहे?

खर्च कोणी करायचा

आयपीए थिनरपेक्षा महाग पडते हे खरे आहे. पण थेंबाची बाटली, ब्रश आणि कापड वापरून काम केले तर ते पुरते. थिनर ओतून बुडवण्याच्या सवयीमुळेच द्रव जास्त लागते. थिनरने तडकलेला एक कनेक्टर किंवा डागाळलेला एक डिस्प्ले बदलून द्यावा लागला की वाचवलेले पैसे गेले. तो तोटाही पुष्कळदा शिकाऊ मुलाच्या पगारातून कापला जातो, म्हणजे छातीही त्याची आणि भुर्दंडही त्याचाच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामाचे तास, कामगारांचा विमा हे प्रश्न त्यांनी सरकारच्या टेबलावर आणले. कामामुळे झालेला दमा आज कायद्याच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे, शिशाचे विकारही आहेत. पण कारखान्याचा कायदा ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असले की लागू होत नाही, आणि आपली मुले काम करतात त्या गाळ्यात माणसे असतात तीन किंवा चार. नगावर काम करणाऱ्या बाईच्या घरी तर निरीक्षक कधीच येणार नाही. म्हणून तिथला नियम आपणच घालून घ्यावा लागेल.

गाळ्याच्या मालकाने आयपीए, हातमोजे आणि बाहेर हवा फेकणारा पंखा द्यावा, आणि शिकाऊ मुलाने तो मागावा. एकट्याने मागितले तर "उद्यापासून येऊ नकोस" असे ऐकावे लागते. चार गाळ्यांतल्या मुलांनी मिळून मागितले तर ऐकून घेतले जाते. मोबाइल दुरुस्तीचे वर्ग भरमसाट फी घेतात. फी भरण्याआधी आईबापांनी विचारावे, "बोर्ड कशाने पुसायला शिकवता? वर्गात खिडकी आहे का?" घरी नगावर काम देणाऱ्याला सांगावे, द्रवाच्या बाटलीवर नाव लिहिलेले असल्याशिवाय माल घेणार नाही.

आणि एक सूचना आपल्या विहार समित्यांना. कित्येक विहारांत मुलांसाठी अभ्यासिका चालते, कारण घरात अभ्यासाला जागा नसते. तशीच ज्यांच्या घरात सोल्डरिंगला सुरक्षित जागा नाही त्यांच्यासाठी एक टेबल का असू नये? अभ्यासिकेपासून वेगळी, खिडकी असलेली लहान खोली, एक एक्झॉस्ट पंखा, हात धुवायला नळ आणि साबण, वाळूची बादली, कुलूपबंद पत्र्याच्या कपाटात लेबल लावलेल्या बाटल्या. मोठा खर्च नाही. सायनला केंद्र सरकारची केंद्रीय श्रम संस्था आहे, कामगारांची सुरक्षितता आणि आरोग्य हाच तिचा विषय. वस्तीतल्या मंडळांनी पत्र देऊन तिथल्या जाणकारांना एखाद्या रविवारी बोलवावे.

तोवर प्रत्येक घराने एवढे करावे. आज मुलगा कामावरून आला की त्याच्याजवळची बाटली मागून घ्या, झाकण न उघडता लेबल वाचा. लेबल नसेल किंवा थिनर असेल, तर ती घरात ठेवू नका. नाल्यात किंवा मोरीत ओतू नका, ती ज्याची आहे त्या गाळ्यावर परत पाठवा. आणि मुलाला विचारा, सुट्टीच्या दिवशी छाती मोकळी वाटते का?